‘नवा घ्या’ न म्हणणारे दुकान : सांगलीतील संगणक दुरुस्तीचा अनुभव

माझ्या घरी २०१६ साली घेतलेला एक संगणक आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्यावर मुद्रितशोधनाचे आणि स्मरणिकांच्या संपादनाचे काम करते. तो एकदाचा बंद पडला असता तर त्याचा निकाल केव्हाच लागला असता. पण तो बंद पडत नव्हता, नुसता छळत होता. बटण दाबल्यापासून पहिले अक्षर टाइप करता येईपर्यंत, मनगटावरच्या घड्याळाने मोजून, सहा मिनिटे लागत. तारीख आपोआप मागे जाई. प्रिंटर एखादे पान गिळून बसे आणि त्यामागची सगळी पाने अडवून धरी. मराठी लिहिता लिहिता मध्येच इंग्रजी अक्षरे उमटू लागत. यांपैकी कोणत्याही एका गोष्टीसाठी संगणक उचलून दुकानात न्यावा असे वाटत नसे, आणि सगळ्या मिळून रोजचा अर्धा-पाऊण तास खात.

दिवाळी झाल्यावर शेवटी मी तो रिक्षात घालून एका मोठ्या दुकानात नेला. तेथील मुलाने झाकणही न उघडता सांगितले की विंडोज १० आता बंद झाले आहे, हे यंत्र उपयोगाचे राहिलेले नाही, ४५ हजारांपर्यंत चांगला नवा बसेल. यातील निम्मे खरे होते. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत, आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. माझा प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे. मात्र ‘उपयोगाचे राहिलेले नाही’ हा निष्कर्ष यंत्राचा नसून विक्रेत्याचा होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आता खात्रीने म्हणता येते.

ज्या दुकानाबद्दल हे लिहीत आहे ते गणपती पेठेपासून चालत पाच मिनिटांवर, एका बोळात, झेरॉक्सच्या दुकानाला लागून आहे. मालक पस्तिशीतले आहेत आणि मदतीला आयटीआय झालेला एक मुलगा असतो. दुकानाचे नाव देऊ नये अशी त्यांनीच विनंती केली; नाव कुठे छापून आले की गिऱ्हाइके वाढत नाहीत, फुकट सल्ल्याचे फोन वाढतात, असे त्यांचे म्हणणे आहे. बसायला एकच प्लॅस्टिकची खुर्ची आहे आणि तिच्यावर बहुधा कोणाचा तरी प्रिंटर ठेवलेला असतो.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कॅबिनेट दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर नेऊन उघडले. आत पाहून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बाई, ही हळद कुठली हो?” खरोखरच हळद होती. पहिली तीन वर्षे हा संगणक माझ्या दिरांच्या मार्केट यार्डातील अडत दुकानात हिशेबासाठी होता, आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात उघड्यावर ठेवलेली कोणतीही वस्तू पिवळी झाल्याशिवाय राहत नाही. पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या कडेला साचलेल्या धुळीची पिवळट किनार होती. त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये ती गच्च बसून तिचे नमदे झाले होते. प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग कमी करून घेतो, त्यामुळे यंत्र मंद होण्याचे एक कारण तेथेच सापडले. ब्लोअरने हवा मारताना त्यांनी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले होते. कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की हवेच्या जोराने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडू शकते. नंतर त्यांनी प्रोसेसरवरील वाळून चिरा पडलेली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट खरवडून नवी लावली, रॅमची, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या साध्या खोडरबराने घासले, खोडरबराचा चुरा कुंचल्याने झटकला आणि पट्टी पुन्हा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवली. हे सारे त्यांनी माझ्यासमोर केले. दुरुस्तीच्या दुकानात हा अनुभव दुर्मीळ आहे. बहुतेक ठिकाणी यंत्र पडद्याआड जाते आणि बिल घेऊन बाहेर येते.

तारीख मागे जाण्याचे कारण मला वाटले त्यापेक्षा फार साधे निघाले. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, एक रुपयाच्या नाण्याएवढा सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल असतो आणि संगणकाला वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालते. नऊ वर्षांत तो संपला होता. पण मग तारीख रोज न बिघडता कधीतरीच का बिघडे? मालकांनी उलट मलाच विचारले की रात्री भिंतीवरचे बटण बंद करता का. वळवाच्या दिवसांत विजा कडाडतात म्हणून मी ते बंद करते, एरवी विसरते. भिंतीवरचे बटण चालू असले की संगणक बंद असूनही आत थोडी वीज येत राहते आणि सेल मेला असला तरी घड्याळ चालते. म्हणजे ज्या रात्री मी काळजी घेई त्याच रात्री तारीख बिघडे. या बिघाडाचे दुसरे टोक मला अधिक त्रास देत होते: अशा दिवशी सकाळी बँकेचे पान उघडले की ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा लाल इशारा येई आणि व्हायरस शिरला या भीतीने मी दिवसभर काही उघडत नसे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणक स्वतःला २०१६ सालात समजत असेल तर २०२५ चे प्रमाणपत्र त्याला खोटे वाटणारच. सेलचे ५० रुपये झाले. या ५० रुपयांच्या जिनसेसाठी मी मध्यंतरी व्हायरस काढणारे एक सशुल्क सॉफ्टवेअर वर्षभरासाठी घेतले होते, हे येथे कबूल करणे भाग आहे.

मुख्य दुखणे हार्ड डिस्कचे होते. त्यांनी कोणता भाग किती राबतो आहे हे दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून दाखवला: मी काहीही करत नसताना डिस्कच्या खाली शंभर टक्के हा आकडा तांबडा होऊन बसला होता. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवले. त्यात डिस्कच्या प्रकृतीचा चौकोन पिवळा आला. डिस्कचे काही भाग खराब होऊन तिने त्यांऐवजी राखीव जागा वापरायला सुरुवात केली होती. यावर त्यांनी दोन पर्याय ठेवले. सगळे पुसून नव्याने विंडोज टाकणे, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात ते, किंवा जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या एसएसडीवर, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, घेणे. पहिल्यात त्यांचे काम लवकर झाले असते. दुसरे माझ्या सोयीचे होते, कारण माझे फॉन्ट, शब्दकोश आणि प्रिंटरची जुळणी सगळे जागच्या जागी राहिले. त्यांनी दुसऱ्याचा सल्ला दिला. जुन्या डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि वाचणारा काटा तिच्यावर इकडून तिकडे धावतो. एसएसडीत हलणारे काहीच नसल्याने तो धावण्याचा वेळच उरत नाही. आता माझा संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत लिहिण्यासाठी तयार होतो. सकाळी बटण दाबून चहा टाकायला जाण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.

विंडोजचा प्रश्नही त्यांनी पाच मिनिटांत मिटवला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची सोय ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून आपल्या सेटिंग्जची प्रत ऑनलाइन ठेवायची तयारी असेल तर त्यासाठी पैसेही पडत नाहीत. अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. मोठ्या दुकानातील मुलाला हे ठाऊक नव्हते की सांगायचे नव्हते, याचा निर्णय मी वाचकांवर सोडते.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. तिसऱ्या दिवशी संगणक आणायला गेले तेव्हा कॅबिनेटवर कागदी चिकटपट्टी लावलेली दिसली. तिच्यावर ठळक अक्षरांत माझे आडनाव, मोबाइल क्रमांक आणि संगणकाचा पासवर्ड लिहिला होता. फळीवरील उरलेल्या आठ-दहा यंत्रांवरही तशाच पट्ट्या होत्या. बोळातून येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही त्या वाचता आल्या असत्या. मी हे बोलून दाखवले तेव्हा मालक खजील झाले, परंतु “सगळीकडं असंच असतंय बाई” हेही म्हणाले. सगळीकडे तसेच असते हे खरे आहे, आणि म्हणूनच ते जास्त वाईट आहे. ब्राउझरमध्ये बँकेचे, मेलचे, वीजबिलाचे सगळे पासवर्ड साठवलेले असतात. संगणकाचा पासवर्ड म्हणजे त्या सगळ्या कुलपांची एक किल्ली. संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी तात्पुरता पासवर्ड घालून द्यावा आणि घरी आणल्याबरोबर तो बदलावा, एवढे तरी आपल्या हातात असते. मी दोन्हींपैकी पहिले केले नव्हते.

दुसरी तक्रार वेळेची. येथे ‘उद्या’ हा शब्द तिथीसारखा असतो, क्षयही होतो आणि वृद्धीही होते. तीन दिवसांतील दोन दिवस संगणक नुसता फळीवर होता.

या दुकानाची खरी परीक्षा मात्र दुरुस्तीनंतर झाली, कारण दुरुस्तीमधूनच एक नवा त्रास जन्माला आला. काढलेली जुनी डिस्क त्यांनी मला परत दिली (न मागता दिली, हे महत्त्वाचे) आणि ती एका यूएसबी ३.० च्या पेटीत घालून दिली, म्हणजे जुन्या फाइलींची एक जादा प्रत हाताशी राहील. त्यावर एकुलती एक प्रत ठेवू नका, असेही बजावले. घरी आणून जोडल्यापासून वायफाय तुटू लागले. आमचे घर गावभागातील जुने आहे, भिंती हातभर जाड, राउटर सोप्यात आणि संगणक मागच्या खोलीत. अशा भिंती ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फारसा पलीकडे जाऊ देत नाहीत म्हणून मी २.४ गिगाहर्ट्झ वापरते. मालक स्वतः घरी आले, राउटरचा चॅनल बदलला, राउटर एक फूट वर टांगला, आणि काहीही फरक पडला नाही. कंपनीला तक्रार करा, लाइन खराब असेल, असे सांगून ते गेले. तेव्हा माझे मत त्यांच्याविषयी बरेच उतरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला त्यांचा फोन आला. “बाई, माउसपण अडकतोय का?” अडकत होता. बिनवायरचा माउस त्या दोन दिवसांत मध्येच थबके आणि मी त्याचे सेल बदलून पाहिले होते. मग त्यांनी विचारले की वायफायचा डोंगल, म्हणजे संगणकाला वायफाय मिळवून देणारे यूएसबीचे छोटे उपकरण, नेमका कुठे लावला आहे. तो कॅबिनेटच्या मागे, डिस्क जोडलेल्या निळ्या यूएसबी खाचेला अगदी खेटून होता. यूएसबी ३.० चे उपकरण चालू असताना त्याच्या जोडणीतून आणि वायरीतून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. वायफायचा डोंगल आणि बिनवायरचा माउस दोघेही त्याच पट्ट्यात बोलतात, म्हणून दोघांचेही बोलणे बुडते. इंटेल कंपनीने हे २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात मांडले आहे. उपाय १२० रुपयांचा: यूएसबीची एक मीटरची वाढीव वायर घेऊन डोंगल टेबलावर आणायचा. तसे केल्यापासून नेट एकदाही गेलेले नाही. घरी येऊन गेल्याचे ३०० रुपये त्यांनी घेतले नाहीत. चूक आपल्याच कामातून झाली होती, असे ते म्हणाले. चूक होऊ नये ही अपेक्षा मी कोणत्याच कारागिराकडून करत नाही. रात्री घरी गेल्यावरही ज्याच्या डोक्यात आपले काम चालू राहते असा माणूस मात्र शोधून सापडत नाही.

प्रिंटरचे काम त्यांनी ज्या रीतीने केले ते मला विशेष आवडले. छपाईला पाठवलेली पाने आधी विंडोजच्या एका रांगेत जमा होतात. रांगेतले पहिले पान बिघडले की मागची सगळी खोळंबतात आणि ‘रद्द करा’ म्हटले तरी तासन्‌तास ‘रद्द होत आहे’ एवढेच दिसत राहते. रांग सांभाळणारी सेवा थांबवणे, तिच्या फोल्डरमधील अडकलेल्या फाइली पुसणे आणि सेवा पुन्हा सुरू करणे हा त्यावरचा उपाय. त्यांनी या तीन कृतींची एक छोटी फाइल करून माझ्या डेस्कटॉपवर ठेवली आणि तिला ‘अडकले तर’ असे नाव दिले. उजवी कळ दाबून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची, चार सेकंदांत रांग मोकळी होते. ज्या दुकानाला माझ्या फेरीमागे ३०० रुपये मिळतात त्याने ती फेरीच वाचवावी, हा व्यवहार मला अजून नीट उलगडलेला नाही. शाईच्या टाकीचा प्रिंटर असेल तर आठवड्याला एक रंगीत पान छापत जा, नाहीतर छिद्रांत शाई वाळते, हेही त्यांनीच सांगितले.

मध्येच इंग्रजी अक्षरे उमटण्याचा उलगडा मिनिटभराचा होता. डावीकडची ऑल्ट आणि शिफ्ट या कळा एकत्र दाबल्या गेल्या की विंडोज भाषा बदलते, आणि माझा अंगठा त्या बाजूला रेंगाळतो. त्यांनी तो शॉर्टकट काढून टाकला; आता भाषा बदलायची तर विंडोजची कळ आणि स्पेसबार, आणि तेवढ्या दोन कळा चुकून एकदम दाबल्या जात नाहीत.

जेथे हे दुकान कमी पडले ते माझ्या जुन्या फाइलींच्या बाबतीत. श्रीलिपी या मराठी टाइप करण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या २०० च्या वर फाइली माझ्याजवळ आहेत. त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षराचा आकार रोमन अक्षराच्या जागी बसवलेला असे, त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर सगळा मजकूर बाराखडी विसरलेल्या माणसाने लिहिल्यासारखा दिसतो. मालकांनी एक मोफत रूपांतरक लावून सगळ्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या आजच्या प्रमाण पद्धतीत, करून दिल्या आणि काम झाले म्हणून सांगितले. काम झाले नव्हते. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. साध्या अक्षरांवर रूपांतरकाने हे बरोबर उलटवले, पण जोडाक्षर आले की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. रफाराचीही तीच गत. एका लग्नाच्या आठवणीच्या लेखात यजमानांनी आचाऱ्याला बिदागी दिली होती, ती रूपांतरानंतर आचार्याला पोचली. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड मांडणीत शिफ्ट आणि जे दाबले की ऱ मिळतो आणि मग ‘आचाऱ्याला’ नीट लिहिता येते, हे मी त्यांना दाखवले. त्यांना ते माहीत नव्हते आणि माहीत नाही म्हणायला त्यांना संकोचही वाटला नाही. मराठी मजकुराचे काम असलेल्यांनी येथे यंत्रापुरतेच जावे, अक्षरे स्वतः तपासावीत. माझ्या साठेक फाइली आतापर्यंत वाचून झाल्या आहेत.

खर्चाचे म्हणाल तर एसएसडी, डिस्कची पेटी, सेल, वायर आणि मजुरी मिळून मला ५,४०० रुपये पडले. बिल त्यांनी आधी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिले. एसएसडीला तीन वर्षांची वॉरंटी असल्याने मी अनुक्रमांकासह छापील बिल मागून घेतले, आणि आपणही तसे मागून घ्यावे, कारण ते आपणहून देत नाहीत. यापलीकडे राउटरसाठी त्यांनी एक छोटा यूपीएस विकला, तो १,३०० रुपयांचा. लाइट गेली की राउटर बंद पडून पुन्हा उभा राहायला लागणारी तीन मिनिटे त्याने वाचतात हे खरे. पण खोक्यावर चार तास लिहिलेले असून माझ्याकडे तो दोन तासही पुरत नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट दोन तासांत येईलच असे नाही. इन्व्हर्टर असलेल्या घरात तो घेण्याचे कारण नाही.

ज्यांना एका दिवसात यंत्र परत हवे आहे, किंवा ज्यांचा संगणक कार्यालयाचा असून त्यात दुसऱ्यांची कागदपत्रे आहेत, त्यांना मी या दुकानात पाठवणार नाही. घरचा जुना संगणक बारीकसारीक कुरबुरींनी छळत असेल आणि थोडा धीर धरण्याची तयारी असेल, तर पाच पैकी चार गुण मी निःसंकोच देते. पाचवा गुण चिकटपट्टीचा. मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांचा प्रिंटर घेऊन गेले होते तेव्हा मुद्दाम फळीकडे पाहिले: सहा यंत्रे होती, सहाही पट्ट्यांवर पासवर्ड होते. मला पाहून मदतनीस मुलाने घाईघाईने त्यांतील दोन यंत्रे भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवली.